आठ दिवसांची शर्यत आणि शेवटचा घाट

१२ मार्च २०१७, रविवार. फ्रान्समधल्या पॅरिस–नीस सायकल शर्यतीचा आठवा आणि शेवटचा दिवस. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेल्याची खूण, कोलंबियाच्या सर्जिओ एनाओच्या अंगावर आहे आणि स्पेनचा अल्बेर्तो कोंतादोर त्याच्यापेक्षा साधारण अर्ध्या मिनिटाने मागे. शेवटचा टप्पा नीसभोवतालच्या डोंगरांतला, जेमतेम ११५ किलोमीटरचा. नीस अजून बरंच लांब असताना कोंतादोर हल्ला चढवतो, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटतो. एझच्या घाटमाथ्यावर एनाओ मागे पडलेला असतो, शर्यत कोंतादोरच्या हातात आल्यासारखी वाटते. मग समुद्राकडचा उतार, प्रोमेनाद देझांग्लेचा सरळ रस्ता, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये त्याच्या सोबतीला असलेला दाविद दे ला क्रूझ त्याला मागे टाकून टप्पा जिंकतो. टप्प्याच्या विजेत्याला एकूण वेळेत १० सेकंदांची सूट मिळते, दुसऱ्याला ६. एनाओ मागून पोचला तेव्हा हिशेब झाला: कोंतादोर दोन सेकंदांनी हरला. टप्पा जिंकला असता, तर जास्तीच्या चार सेकंदांनी शर्यतही त्याचीच होती.

सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ही शर्यत साधारण ३० तासांची होते, म्हणजे १,०८,००० सेकंद. त्यातले दोन म्हणजे ५४ हजारांतला एक भाग. शर्यतीच्या सरासरी वेगाने बघितलं तर हे अंतर वीस-पंचवीस मीटर भरतं.

एखाद्या वर्षी असं घडलं तर आपण योगायोग म्हणू. पण आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, हाच कोंतादोर गेरंट थॉमसकडून चार सेकंदांनी हरला होता. पुढल्या वर्षी, २०१८ मध्ये, मार्क सोलेरने शेवटच्या दिवशी सायमन येट्सकडून पिवळी जर्सी हिसकावली, तीही चार सेकंदांच्या फरकाने. ओळीने तीन वर्षं चार, दोन, चार. याउलट तूर द फ्रान्स घ्या. तीन आठवड्यांच्या त्या शर्यतीच्या शंभराहून जास्त आवृत्त्यांमध्ये सर्वांत कमी फरक आहे आठ सेकंदांचा, आणि १९८९ मधली ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्यों यांची ती लढत आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत जे दंतकथा ठरतं, ते आठवड्याच्या शर्यतीत दर दोन-चार वर्षांनी का घडावं?

पहिलं उत्तर संख्याशास्त्राचं आहे, आणि मला तेच सर्वांत आवडतं.

दोन सायकलपटू कल्पनेत घ्या. त्यांतला एक थोडा सरस आहे, सरासरी दर दिवशी तीन सेकंद कमावतो. पण रस्त्यावर नशीबही असतं: टायर पंक्चर होतं, वारा फिरतो, पुढचा पडतो आणि मागचे अडकतात. या नशिबामुळे दोघांतलं अंतर दिवसाला वीस-एक सेकंद इकडे किंवा तिकडे होतं असं धरू. आकडे माझे, फक्त हिशेबापुरते. आता गंमत अशी की सरसपणा दिवसांच्या पटीत साचतो, पण नशीब दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत, कारण आजचा दैवी फटका आणि उद्याची दैवी देणगी एकमेकांना थोडंफार खाऊन टाकतात. आठ दिवसांत सरसपणाचे २४ सेकंद जमतात आणि नशिबाचा पसारा साधारण ५७ सेकंदांचा होतो. एकवीस दिवसांत सरसपणाचे ६३ आणि नशिबाचे ९२. याचा अर्थ लावला तर एका दिवसाच्या शर्यतीत सरस गडी १०० पैकी ५६ वेळा पुढे राहील, आठ दिवसांच्या शर्यतीत ६६ वेळा, एकवीस दिवसांच्या शर्यतीत ७५ वेळा.

एका दिवसाची शर्यत म्हणजे जवळपास नाणेफेक. तीन आठवड्यांत गुणवत्ता बऱ्यापैकी वर येते आणि शेवटच्या रविवारच्या कितीतरी आधी निकाल कळलेला असतो. आठवड्याची शर्यत मधोमध आहे: चांगलाच जिंकण्याची शक्यता जास्त, पण त्या चांगल्याला शेवटच्या घाटापर्यंत स्वस्थ बसता येत नाही.

नशिबाचे नमुने पॅरिस–नीसच्या इतिहासात पोत्याने आहेत. ही शर्यत मार्चच्या सुरुवातीला होते. पॅरिसच्या आसपासच्या गारठ्यातून निघून भूमध्य समुद्राकाठी पोचायचं, म्हणून फ्रेंच लोक तिला सूर्याकडची शर्यत म्हणतात. १९३३ पासून ती चालू आहे. पण सूर्य भेटेपर्यंत बर्फही भेटतो. २०१६ मध्ये बर्फामुळे एक अख्खा टप्पा रद्द करावा लागला होता. २०२१ मध्ये प्रिमोझ रोग्लिच शेवटच्या दिवशी ५२ सेकंदांच्या आघाडीने निघाला, दोनदा पडला, आणि शर्यत मॅक्सिमिलियन शाखमन घेऊन गेला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत मधेच असं झालं तर भरून काढायला पुढे आल्प्स किंवा पिरेनीज शिल्लक असतात. इथे शिल्लक असतं फक्त बक्षीस समारंभाचं व्यासपीठ.

सुरुवातीच्या सपाट टप्प्यांत खरा खेळ वाऱ्याचा. सपाट रस्त्यावर ताशी ४०–४५ किलोमीटर वेगाने जाताना सायकलपटूच्या ताकदीचा फार मोठा हिस्सा हवा बाजूला सारण्यात जातो, आणि लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणून सगळे एकमेकांच्या आडोशाने घोळक्यात चालतात. बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला, संगणकावर आणि वायुबोगद्यातही. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागात बसलेल्याला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के हवेचा अवरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. त्या जागी माणूस जवळजवळ फुकट पुढे जातो.

वारा समोरून असेल तोवर ही सोय सगळ्यांना. तो बाजूने आला की आडोसा पुढच्याच्या मागे न राहता तिरका सरकतो. मग सायकलपटू रस्त्यावर तिरकी रांग धरतात. रस्ता मात्र तेवढाच रुंद. रांगेत दहा-पंधरा जणांची सोय झाली की उरलेले रस्त्याच्या कडेला एकामागोमाग लागतात, आडोशाविना. त्यांतल्या एकाने जरा ढील दिली की फट पडते, आणि ती भरून काढायला लागणारी ताकद पुन्हा त्याच घनाच्या हिशेबाने. २०१७ मध्ये कोंतादोर पहिल्याच दिवशी अशा वाऱ्यात मागच्या तुकडीत सापडला आणि त्याने बराच वेळ गमावला. आठव्या दिवसाचे ते दोन सेकंद खरं तर पहिल्या दिवशीच्या एका गाफील क्षणात हरवले होते, असं म्हणायला जागा आहे. दे ला क्रूझला उगीच दोष देऊ नये.

आता शरीराकडे. माझ्या मते लोक आठवड्याच्या शर्यतीतल्या धाडसाचं कौतुक करताना ही बाजू विसरतात.

माणूस दिवसाला किती ऊर्जा खर्च करू शकतो याला मर्यादा आहे, आणि ती किती दिवस खर्च करायची आहे यावर ठरते. मोजायची युक्ती सुरेख आहे: सायकलपटूला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेलं पाणी प्यायला देतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो, ऑक्सिजन पाण्यातूनही आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोन्हींच्या घटीतल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, म्हणजे किती इंधन जळलं, हे कळतं. १९८० च्या दशकात तूर द फ्रान्समधल्या सायकलपटूंवर हे मोजमाप झालं तेव्हा त्यांचा रोजचा खर्च निव्वळ जगण्यापुरत्या लागणाऱ्या ऊर्जेच्या चार-पाच पट निघाला. पुढे २०१९ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक सहनशक्तीच्या स्पर्धांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की स्पर्धा जितकी लांब, तितका हा पट खाली येतो, आणि महिनोन्‌महिन्यांच्या उपक्रमांत तो अडीचच्या आसपास स्थिरावतो. आतडी रोज किती अन्न पचवू शकतात, हे त्यामागचं एक मोठं कारण असावं असा त्यांचा तर्क आहे.

तीन आठवड्यांच्या शर्यतीतला हुशार नेता त्यामुळे कंजूष असतो. दहाव्या दिवशी टप्पा संपायच्या पन्नास किलोमीटर आधी हल्ला करायचा म्हणजे अठराव्या दिवसाच्या खात्यातून उचल घेणं. आठव्या दिवशी शर्यतच संपणार असेल तर कर्ज काढायला काय हरकत आहे, फेडायला नववा दिवसच नाही. कोंतादोरने, सोलेरने शेवटच्या रविवारी केलं ते धाडस होतंच, पण तो सरळ व्यवहारही होता.

हे कर्ज कधीकधी दिवस संपायच्या आधीच वसूल होतं. २००९ ची पॅरिस–नीस. डोंगरातला टप्पा जिंकून कोंतादोरने पिवळी जर्सी मिळवलेली, आणि दुसऱ्याच दिवशी फायान्सकडे जाताना तो अचानक खलास झाला. पाय चालेनात. शर्यत गेली लुईस लेओन सांचेझकडे. याला भुकेचा फटका म्हणतात. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, म्हणजे सुमारे २००० कॅलरी. डोंगराळ टप्प्यात त्याच्या दुपटीहून जास्त खर्च होतो. चरबी भरपूर असते, पण ती घाटात लागणाऱ्या गतीने जळत नाही. त्यामुळे चालत्या सायकलवर खात राहणं भाग असतं. तिथेही अडथळा आहे: आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही मिसळून दिले तर ९० ग्रॅमच्या वर जाता येतं, आणि हल्लीचे सायकलपटू सरावाने आतडी तयार करून १०० ते १२० ग्रॅमपर्यंत पोचले आहेत. २००९ नंतरच्या काळात शेवटच्या टप्प्यांतले लांबचे हल्ले यशस्वी व्हायला लागले, त्यात या साखरेचाही वाटा आहे असं मला वाटतं.

एझच्या घाटाबद्दल सांगायला हवं. हा घाट आल्प्समधल्या राक्षसांसारखा नाही. नीसमधून चढायला लागलं तर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, माथा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास, चढ मध्यम. पण नेमकी ही मध्यम उंचीच खेळ रंगवते. सात टक्के चढावर ताशी २० किलोमीटरने चढणाऱ्या ६५ किलोच्या गड्याला सायकलसकट गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २८० वॅट लागतात, हवेसाठी फक्त तीस-पस्तीस. म्हणजे चढावर संघाच्या आडोशाचा उपयोग नगण्य, ज्याचा तो. माथा ओलांडला की नीसपर्यंतचा उतार आणि सपाटी, तिथे हिशेब पूर्ण उलटतो: एकट्याला सगळी हवा स्वतः कापावी लागते आणि पाठलाग करणारे तिघे-चौघे आळीपाळीने पुढे येतात. चढावर मिळवलेले तीस सेकंद उतरताना पंधरा होतात. घाट आणखी दहा किलोमीटर लांब असता तर फरक मिनिटांत गेला असता, आणि शेवटची धाकधूक संपली असती.

१९७२ मध्ये याच घाटावर शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल होती, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चढायचं. एडी मर्क्स आधीची तीन वर्षं ओळीने जिंकलेला, पिवळ्या जर्सीत, आणि रेमों पूलिदोरपेक्षा १६ सेकंदांनी पुढे. मर्क्स त्या शर्यतीत आधी एकदा पडलाही होता. पस्तीस वर्षांच्या पूलिदोरने त्या चढावर त्याच्यापेक्षा २२ सेकंद कमी घेतले आणि सहा सेकंदांनी शर्यत जिंकली. तूर द फ्रान्समध्ये ज्याला पिवळी जर्सी एकदाही घालता आली नाही, त्या पूलिदोरने मर्क्सला आठवड्याच्या शर्यतीत गाठलं.

अर्थात, सरसपणा दिवसाला तीन सेकंदांऐवजी पंधरा सेकंदांचा असला तर नशिबाचं काही चालत नाही. २०२३ मध्ये आपल्या काळातला सर्वांत सरस मानला जाणारा तादेय पोगाचार पॅरिस–नीसला आला आणि पोगाचारसारखाच जिंकला. शॉन केलीने १९८२ ते १९८८ ओळीने सात वर्षं ही शर्यत जिंकली होती, तेव्हा छोट्या शर्यतीत कोणीही जिंकतं असं मानणाऱ्यांनी त्याचं नाव लक्षात ठेवावं. आपल्याकडे जानेवारी २०२६ साठी आखलेली पुणे ग्रँड टूर तर आणखी आखूड: प्रोलॉग (सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल) आणि चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. वरचा वर्गमुळाचा हिशेब लावला तर अशा शर्यतीत एका पंक्चरची किंमत पॅरिस–नीसपेक्षाही जास्त.

तीन आठवड्यांच्या शर्यतींच्या आयोजकांनाही हे दिसत होतंच. त्यांनी आखूड टप्प्यांची उसनवारी केली. २०१६ च्या स्पॅनिश व्हुएल्तात फोर्मिगालकडचा ११८ किलोमीटरचा टप्पा सुरू होताच कोंतादोर आणि नायरो किंताना निसटले, आणि ख्रिस फ्रूमने तिथे अडीच मिनिटांहून जास्त वेळ गमावला. तो प्रयोग जमला. मग २०१८ मध्ये तूर द फ्रान्सने पिरेनीजमध्ये अवघा ६५ किलोमीटरचा टप्पा ठेवला आणि वर मोटारशर्यतीसारखी सुरुवात, म्हणजे एकूण क्रमवारीप्रमाणे आखलेल्या चौकटींत सायकलपटू उभे. शर्यत सुटली, चौकटी मागे पडल्या, आणि थोड्याच वेळात ज्याचे त्याचे संघसहकारी आपापल्या नेत्यापाशी येऊन पोचले. टप्पा किंतानाने जिंकला, पिवळी जर्सी थॉमसकडेच राहिली. तो सतरावा टप्पा होता, पायांत सोळा दिवसांचा शीण होता, आणि पॅरिस अजून चार टप्पे लांब होतं.