महागड्या बॅगांचं चामडं आणि मिलानचा निकाल: पार्श्वभूमी

लाखांत किंमत असलेल्या हँडबॅगेचं चामडं कुठलं, ते कमावलं कुठे आणि बॅग शिवली कुणी, हे प्रश्न अथणी-निपाणीकडे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या कोल्हापुरी चपला करणाऱ्या गावांकडे, २०२५ च्या जूनपासून जवळचे झाले. मिलानला प्राडा या इटालियन ब्रँडच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सुरुवातीला तिच्या मुळाचा उल्लेखच नव्हता, हे सर्वांना माहीत आहे.

बॅगांचा घोळ त्याआधीचा. लुई व्हितॉनच्या, अक्षरांची नक्षी असलेल्या सर्वांत प्रसिद्ध बॅगेचं अंग चामड्याचं नसतंच. १९५९ पासून ते पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड आहे. कंपनी ते लपवत नाही, पण घेणारा चामडंच समजून घेतो. खऱ्या चामड्यातही पुष्कळदा वरचा थर घासून, रंगाचा लेप चढवून, दाणा (पृष्ठभागाची नैसर्गिक खरबरीत नक्षी) यंत्राने उठवलेला असतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायला आठवडे जातात, क्रोमच्या क्षारांनी ते एक-दोन दिवसांत होतं.

जाणकार कारागीर चामडं ओळखायला कड बघतो. आपल्याकडच्या चपलेची कड उघडी असते, तळाचे थर मोजता येतात. बॅगेच्या कडेवर मात्र रंगाचे हात देऊन ती गुळगुळीत केलेली असते, चामड्याचे आतले तंतू दिसतच नाहीत. दिसायला देखणं, तपासायला अवघड.

खरी खळबळ उडाली ती जून २०२४ मध्ये. मिलानच्या न्यायालयाने दिओर या बड्या फ्रेंच ब्रँडच्या इटलीतल्या उत्पादक कंपनीवर वर्षभरासाठी प्रशासक नेमला. कंपनीवर स्वतः गुन्हा केल्याचा आरोप नव्हता. पोटकंत्राटदारांवर नजर ठेवली नाही, हा ठपका होता. कामगार कारखान्यातच झोपत होते आणि काम उरकावं म्हणून यंत्रांची सुरक्षा साधनं काढून टाकली होती. दुकानात २,६०० युरोला, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर, विकली जाणारी बॅग जोडून द्यायला पुरवठादाराला ५३ युरो मिळत. त्यात चामडं धरलेलं नाही आणि कंपनीला हा हिशेबच मान्य नव्हता. तरी पावणेपाच हजार रुपये आणि सव्वादोन लाख यांतलं अंतर नुसत्या चामड्याने भरत नाही.

वाद आहे तो पुढच्या निर्णयावर. कारागिरीच्या जाहिराती फसव्या होत्या का, याची चौकशी इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२४ मध्ये सुरू केली आणि मे २०२५ मध्ये दोषाचा निष्कर्ष न काढता बंद केली. बदल्यात पाच वर्षांत २० लाख युरो शोषित कामगारांसाठी देण्याची हमी घेतली. प्रशासकही मुदतीआधीच हटला होता. अरमानी या इटालियन ब्रँडला मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये ३५ लाख युरोंचा दंड झाला. एकाला हमीवर सोडलं, दुसऱ्याला दंड ठोठावला. तडजोडीने पैसा लवकर मिळतो हे खरं, पण 'फसवणूक झाली का' हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

इकडे चपलेवरची जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये मुंबईत फेटाळली गेली. डिसेंबरात प्राडाचा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड, विक्रीची किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात (जीआय) दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यात आहे. बातम्यांत मात्र नाव कोल्हापूरचंच, हा जुना सल. युरोपात विकताना या जोडांवर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा हे दाखवावं लागतं, कारण पादत्राणांसाठी तसा नियम १९९४ मध्येच झाला आहे. शेजारच्या फळीवरच्या बॅगेला तो लागू नाही.