नंबर वाढला नाही, पडदा खराब होतोय: वयामुळे होणारा मॅक्युलाचा त्रास आणि त्याचे उपचार

साठी-सत्तरीचे काका-मावशी दुकानात येतात आणि म्हणतात, नंबर वाढलाय, नवीन काचा टाका. तपासायला बसवलं की कळतं, समोरच्या माणसाचा चेहराच पुसट दिसतोय, रामकुंडाच्या पायऱ्या नाहीतर खिडकीचे गज वाकडे दिसतायत, कडेचं मात्र सगळं नीट. अशा वेळी आम्ही चष्मा बनवतच नाही, सरळ रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे पाठवतो, कारण पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला बिघडला असेल तर कितीही भारी काच घाला, फरक पडत नाही.

ह्यात ड्राय (कोरडा) आणि वेट (ओला) असे दोन प्रकार. वेटमध्ये पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून पाणी-रक्त झिरपतं आणि नजर काही आठवड्यांत, कधी दिवसांत बिघडते, म्हणून दिवाळी होऊ दे मग बघू असलं करू नका. इलाज म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच निम्मे लोक घाबरतात, पण आधी डोळा बधिर करतात, सुई एकदम बारीक असते आणि काम काही सेकंदांचं. औषधं बरीच आहेत: रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब, शिवाय बेव्हॅसिझुमॅब, जे मुळात कॅन्सरचं पण स्वस्त पडतं म्हणून जगभर डोळ्यांसाठीही वापरतात. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बनावटीचं औषधही २०१५ पासून मिळतंय, तेव्हा खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. सुरुवातीला साधारण तीन डोस महिन्या-महिन्याने, मग ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारा फोटो) बघून पुढच्या डोसांमधलं अंतर ठरवतात. जरा बरं दिसायला लागलं की लोक जायचंच बंद करतात आणि तिथेच घोळ होतो. इंजेक्शननंतर डोळा जास्त दुखला, लाल झाला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

ड्राय हळूहळू वाढतो. मधल्या स्टेजला व्हिटॅमिन सी, ई, झिंक, कॉपर, ल्युटीन, झिॲक्सँथिन अशा गोळ्यांनी वाढ थोडी मंदावते, गेलेली नजर परत येत नाही. कोणी सिगरेट-बिडी ओढत असेल किंवा आधी ओढलेली असेल तर बीटा कॅरोटीनवाली गोळी नको, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि बिडी तर सोडाच, डोळ्यासाठी पण. पुढच्या स्टेजच्या ड्रायसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनं मंजूर झाली, पण तीही फक्त वेग कमी करतात.

काउंटरवर चौकटींचं कार्ड फुकट आहे, घेऊन जा. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली किंवा एखादी चौकट गायब वाटली तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरकडे जा. ज्यांची नजर आधीच गेलीये त्यांच्यासाठी लाइटवाली भिंगं आमच्याकडे आहेत, घरचा पेपर सोबत आणा, वाचून बघा, मगच घ्या.