रंगवलेल्या डायलची गोष्ट

कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या बोळात एका घड्याळजींच्या टेबलावर परवा सिको या जपानी कंपनीचं ६१३९ होतं, म्हणजे क्रोनोग्राफ, स्टॉपवॉचसारखी वेळ मोजणारं मनगटी घड्याळ. पिवळी डायल, सहाच्या जागी मिनिटं मोजणारं छोटं वर्तुळ, दोन बटणं. लांबून एकदम कडक. भिंग डोळ्याला लावलं आणि मजा गेली. डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत 'जपान' आणि मॉडेलचा आकडा असतो, तिथं नुसता रंग. छोट्या वर्तुळातल्या रेघा एका बाजूला जाड. "रंगवलीया ही," घड्याळजी म्हणाले, "पण हात बरा हाय." बाबूराव पेंटरांच्या गावात हाताची पारख आधी होते.

डायल नव्यानं रंगवलेल्या अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, तेही नाक मुरडून.

खरं तर क्रोनोग्राफच्या डायलला रंग काही नवा नाही, शब्दाचा अर्थच काळ लिहिणारा. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेकनं लावलेल्या यंत्रात डायल फिरायची आणि निब तिच्यावर शाईचा ठिपका टाकायची. (लुई म्वानेचं १८१६ चं यंत्र त्याच्याही आधीचं, पण ते उजेडात आलं २०१३ मध्ये.) काटा शून्यावर आणणारं वेगळं बटण ब्राइटलिंग कंपनीनं १९३४ मध्ये दिलं. चावी न देता चालणारे क्रोनोग्राफ १९६९ चे: झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंगचा गट आणि सिको, तिघेही एकाच वर्षी. हेच ६१३९ अंतराळवीर विल्यम पोगनं १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर नेलं.

खास डायलचा नाद श्रीमंतांचा. ओमानच्या सुलतानांनी रोलेक्सच्या डेटोना या क्रोनोग्राफच्या डायलवर राजचिन्हातला खंजीर छापून घेतला. डेटोनाचीच एक वेगळ्या आकड्यांची डायल दुकानात पडून राहायची. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमननं ती मनगटावर मिरवली आणि २०१७ मध्ये त्याचं घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं.

आपल्याकडे कारण वेगळं. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. एचएमटी आली १९६१ मध्ये, पण ज्याच्या मनगटावर सिको, त्याला तिचा काय उपयोग? आखातातून कुणा भावानं आणलेल्या घड्याळाची नवी डायल मिळणार कुठून? कोल्हापूरचा पाऊस काचेच्या कडेनं आत शिरला की डायलवर डाग. मग जुना रंग खरवडून नवा चढवायचा, अक्षरं पुन्हा उठवायची. गिऱ्हाइकाला लग्नात मिळालेलं घड्याळ नव्यासारखं हवं असे. डागांनाच मोल देणारे लोक पुढं येतील, हे कुणाच्या स्वप्नात होतं? ही दुरुस्ती होती, फसवणूक नव्हे. फसवणूक नंतरची: ऑनलाइन भाव चढले, तसे सिकोनं कधी न काढलेले रंग 'दुर्मिळ कस्टम डायल' म्हणून खपू लागले.

घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. आत सुईनं कोरलेल्या दुरुस्तीच्या तीन खुणा, तिन्ही वेगवेगळ्या हातांच्या. वरचं बटण दाबलं, काटा सुटला. खालचं दाबलं, नेमका बारावर आला. मी ते घेतलं, रंगवलेल्या डायलच्या भावात.