आस (बैलगाडीचा)

गाडीच्या साट्याखाली आडवा बसवलेला, दोन्ही टोकांवर चाके फिरू देणारा आणि सगळा भार त्यांच्यावर सोपवणारा दांडा. मराठवाड्यात ‘आख’ व ‘कणा’ हे शब्दही ऐकू येतात.

‘आस’ आणि ‘आख’ दोन्ही संस्कृत ‘अक्ष’पासून आलेले दिसतात. ‘अक्ख’ या प्राकृत रूपावरून ‘आख’ सरळ सिद्ध होतो. पण ‘क्ष’चा मराठीत कुठे ख (रक्षा – राख), तर कुठे स (इक्षु – ऊस, कुक्षि – कूस) का झाला, याविषयी एकमत नाही. काहींना यात जुना बोलीभेद दिसतो, काहींना ख-रूपे उत्तरेकडून आलेली वाटतात. स हा मराठीचा स्वतःचा कल मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ऊस वाहणारा आस त्याच नियमाने घडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या भागातील गाडीवाहतुकीचा प्राचीन लेखी पुरावा ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात मिळतो. त्याचा काळ बहुधा इ. स. पहिले शतक. पैठण व तगर येथून अकीक आणि कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असे त्यात म्हटले आहे. तगर कोणते यावर पूर्वी वाद होता, दौलताबाद व जुन्नरचीही नावे पुढे आली. पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी सुचवलेले धाराशिव जिल्ह्यातील तेर आता सामान्यतः मान्य आहे. त्या गाड्यांचे आस कसे होते, ते या ग्रंथात नाही.

लाकडी आसासाठी धावडा नावाजलेला. हे झाड किनवटच्या रानात आढळते. सुताराची नजर आधी लाकडाच्या रेषांवर जाते. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हव्यात. भाराने आस खाली वाकू पाहतो, त्यामुळे खालचे अंग ताणले जाते आणि वरचे दाबले जाते. खालच्या अंगाला गाठ असली तर तडा तिथूनच जाण्याची भीती. मधला भाग चौकोनी व जाड ठेवून टोके गोल, निमुळती तासतात. जाड भाग जिथे बारीक होतो, तिथे करवतीची सरळ खाच न ठेवता उतार द्यावा लागतो, कारण ताण खाचेच्या कोपऱ्यात एकवटतो. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास एक दशांशाने वाढला, तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणून चाक घट्ट बसते तेव्हा तुंब्यातले (चाकाच्या मधल्या ठोकळ्यातले) भोक मोठे करावे, आस तासून बारीक करू नये.

चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ असते. वंगणाचा नळा गाडीलाच लटकतो, ‘गाड्याबरोबर नळ्याला यात्रा’ ही म्हण त्यावरूनच आली. पुढे लोखंडी आस आला. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टायरगाडीत बेअरिंगवर फिरणारी रबरी चाके असतात.

शर्यतीच्या मोटारीशी तुलना केली की आसाचे खरे काम कळते. सरळ धावपट्टीवर काही सेकंदांत वेग घेणाऱ्या ड्रॅग मोटारीत मागचा आस स्वतः फिरून चाकाला पीळ देतो. त्याची प्रत्येक बाजू फेऱ्यागणिक ताणली व दाबली जाऊ शकते, म्हणून तो जाड, कठीण केलेल्या मिश्र पोलादाचा करतात. शंकरपटाचा, म्हणजे बैलगाडी शर्यतीचा, छकडाही सरळच धावतो, पण त्याला ओढ जुवाकडून मिळते. त्याच्या आसावर इंजिनाचा पीळ नसतो, भार आणि खड्ड्यांचे धक्के असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.