बालनाट्य प्रशिक्षण (सांगली)

साधारण सहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना खेळ, आवाजाचे व शरीराचे व्यायाम, उत्स्फूर्त प्रवेश आणि शेवटी बसवलेला प्रयोग यांतून दिले जाणारे नाटकाचे शिक्षण. सांगली-मिरज परिसरात ते दोन रूपांत आढळते : उन्हाळी सुटीतले शिबिर आणि शनिवार-रविवारी भरणारा वर्ग. पालक दोन्हींना ‘नाटकाचा क्लास’च म्हणतात. शाळेच्या गॅदरिंगची तालीम यात धरत नाहीत. तिथे नाटक बसवायचे असते आणि मुले त्यासाठी लागतात. वर्गात हे उलटे असावे अशी अपेक्षा आहे. ती नेहमी पुरी होतेच असे नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांमुळे. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. तीच तारीख आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळली जाते. या खेळांत लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे प्रसंग ओळखून आपापल्या शब्दांत बोलत. आजच्या वर्गात ‘इम्प्रो’ (उत्स्फूर्त अभिनय) या नावाने परदेशाहून आलेली नवलाई म्हणून जे शिकवले जाते, त्याच्या फार जवळ जाणारी रीत याच गावात पावणेदोनशे वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या प्रेक्षकांसमोर चालली होती. पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्या शिक्षकांना हे अधूनमधून आठवले तर बरे.

पुढे नाटक मंडळ्यांच्या काळात मुलांचे शिक्षण बिऱ्हाडातच होई. गोड गळ्याची पोरे मंडळीत दाखल होत, तिथेच जेवत-झोपत आणि तालीम मास्तरांच्या हाताखाली तयार होत. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून प्रसिद्ध असले, तरी नटांना ते तालीम मास्तर म्हणून अधिक ठाऊक होते. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीतर्फे मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. या पद्धतीत शिस्त कडक होती, शाळा सुटत असे आणि आवाज फुटला की पुष्कळ मुलांचे स्त्रीभूमिका करण्याचे दिवस संपत. मुलाचे मूलपण जपणे हा तिचा हेतू नव्हताच.

तो हेतू मराठीत ठळकपणे आला 1959 नंतर, मुंबईत सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केल्यावर. रत्नाकर मतकरी, सुलभा देशपांडे यांनी ही वाट रुंद केली. वर्गात खेळवले जाणारे बरेचसे खेळ मात्र इंग्लंडातील पीटर स्लेड आणि अमेरिकेतील व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षकांच्या विसाव्या शतकातल्या कामाकडे जातात. नावे न घेताच ते हातोहात पसरले.

वर्गाची सुरुवात गोल करून होते. नाव सांगताना एक हालचाल करायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी परत करायची. मग आरसा : दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हलायचे, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. लहान मुले इथे जोडीदाराला फसवण्यासाठी झटके देतात. दोघांनाही एकदमच हलता येईल इतके सावकाश जायचे आहे, हे कळायला काही दिवस जातात. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या अभिनयाच्या आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक या चार प्रकारांपैकी मुलांना आधी हवा असतो आहार्य, म्हणजे मिशी, मुकुट आणि तलवार. शहाणा शिक्षक ती पेटी पहिले काही दिवस उघडत नाही.

खरा घाम निघतो तो वाचिकावर, म्हणजे बोलण्यावर. शेवटच्या रांगेला ऐकू गेले पाहिजे म्हटल्यावर मूल ओरडते, घसा बसवून घेते आणि तरीही कळत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही तिथेच. श्वास आधी संपला की नेमका तोच शब्द गिळला जातो. ‘मी पैसे घेतले नाहीत’ म्हणणाऱ्या पात्राचे ‘नाहीत’ विंगेत विरले, तर प्रेक्षकांसमोर त्याने चोरी कबूल केलेली असते. म्हणून वाक्य शेवटाकडून बोलायचा सराव देतात : आधी ‘नाहीत’, मग ‘घेतले नाहीत’, मग सगळे. संवादफेकीचे इतर सगळे नियम याच्यानंतर.

दुसरे जुने साधन म्हणजे दिवाकरांची (1889–1931) नाट्यछटा. तीत एकच पात्र बोलते; समोरच्याचे बोलणे प्रेक्षकाने ओळखायचे असते. स्पर्धांमुळे ती पाठ करून घडाघडा म्हणण्याची वस्तू झाली आहे, हे तिचे दुर्दैव. न ऐकू येणारे उत्तर मुलाने खरोखर ऐकले आणि त्याला लागेल तेवढा वेळ दिला, तरच नाट्यछटा उभी राहते. अभिनयाचा निम्मा भाग ऐकण्याचा आहे, हे शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

बोलीचा प्रश्न या भागात विशेष आहे. इथल्या पुष्कळ मुली घरी ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, ‘काय करायलाईस?’, ‘व्हय’, ‘लै’ हे रोजचे. जतकडच्या मुलाच्या घरात कन्नड असू शकते, मिरजेच्या मुलाच्या घरात दखनी उर्दू. शुद्धलेखनाच्या तासासारखे ‘आले म्हण, आले’ सुरू झाले की मूल मिटते. उत्स्फूर्त प्रवेशात बाजारातले भांडण झकास करणारी मुलगी हाती संहिता येताच लाकडी होते, याचे कारण बहुधा अभिनयात नसून भाषेत असते. काही शिक्षक आधी बोलीत प्रवेश बांधतात आणि प्रमाणभाषा पात्राची गरज म्हणून नंतर आणतात. हा क्रम योग्य वाटतो. उलटा क्रम मात्र जास्त चालतो, कारण परीक्षक आणि पालक दोघांनाही ‘स्वच्छ वाणी’ हवी असते.

समारोपाच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात. पंचवीस-तीस मुले, प्रत्येकाला वाक्य हवे, म्हणून अशा नाटकांत बोलणारी झाडे, ढग आणि उंदीर यांची चंगळ असते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी बसवलेली नाटके अधिक नेटकी असतात. मात्र तिथे निवड होते आणि निवडीबरोबर घरी बसणारी मुलेही येतात.

मालिका, जाहिराती व चित्रपटांत काम मिळेल या आशेनेही काही पालक येतात. त्यांना कायदा ठाऊक असावा. 2016 च्या बालकामगार कायदादुरुस्तीने आणि तिच्याखालील 2017 च्या नियमांनी चौदा वर्षांखालील मुलांना कलाकार म्हणून काम करायला सशर्त मुभा दिली आहे : शिक्षणात खंड नको, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नको, निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि मिळकतीतील किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी. वर्गाच्या वार्षिक प्रयोगाशी याचा संबंध येत नाही.

नववीला वर्ग ओसरतो. दहावी जवळ आलेली असते, मुलांचे आवाज फुटलेले असतात, आणि आरशाच्या खेळात मुलगे-मुली एकमेकांसमोर उभे राहायला लाजू लागतात. त्यातली थोडी पुढे महाविद्यालयाच्या एकांकिकेत पुन्हा दिसतात, बहुधा आधी प्रकाशयोजनेच्या खोलीत.