‘सॉफ्ट’ हा शब्द अभियांत्रिकीत आला कुठून?

अभियांत्रिकी पदवीच्या अभ्यासक्रमात सॉफ्ट स्किल्सचा विषय दिसला की तो कॅम्पस मुलाखतींसाठी अलीकडेच कुणीतरी चिकटवला असावा, असं वाटतं. प्रत्यक्षात ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स मान यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी केलेला अभियांत्रिकी शिक्षणाचा अभ्यास १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अभियंत्याचं यश कशावर ठरतं, या प्रश्नाला सुमारे १५०० अभियंत्यांनी उत्तरं दिली. त्यांत तांत्रिक ज्ञानापेक्षा व्यक्तिगत गुणांचा उल्लेख सातपटीहून अधिक वेळा होता. पुढच्या, अधिक मोठ्या पाहणीत चारित्र्य पहिलं आलं आणि तंत्र शेवटचं. माणसं ओळखण्याची समज मधे कुठेतरी होती, पण तीही ज्ञानाच्या वरच!

मग अभ्यासक्रम त्या दिशेने का गेला नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर रडार आणि अणुऊर्जेच्या काळात जुनी कार्यशाळाप्रधान पद्धत अपुरी वाटू लागली. अमेरिकेतल्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने गणित आणि अभियांत्रिकी विज्ञानावर भर दिला. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना सुमारे एक पंचमांश वाटा द्यावा, असंही त्यात होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते गणित. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह झेपावल्यावर तर दुसरं काही ऐकायला कुणाला सवडच नव्हती.

‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्द रूढ होण्यामागे मात्र महाविद्यालय नाही, लष्कर आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्य प्रत्येक कामाचे टप्पे पाडून त्यावरून प्रशिक्षण आखत होतं. यंत्र चालवण्या-दुरुस्त करण्याचे टप्पे लिहिता येत. हाताखालच्या माणसांवर देखरेख करणं, त्यांचा सल्लागार होणं, याचे टप्पे कसे लिहायचे? डिसेंबर १९७२ मध्ये टेक्सासातल्या फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर यासाठी परिषद भरली. तिथे संशोधक पॉल व्हिटमोर यांनी मांडलेला निष्कर्ष आजही बोचतो: ज्या कामांबद्दल आपल्याला पुष्कळ कळतं त्यांना आपण ‘हार्ड’ म्हणतो, ज्यांबद्दल फारसं कळत नाही त्यांना ‘सॉफ्ट’. म्हणजे ‘मृदू’ हे त्या कौशल्याचं वर्णन नव्हतंच, आपल्या अज्ञानाचं होतं. मराठीत आपण ‘मृदू कौशल्ये’ असं भाषांतर करून तो गोंधळ आणखी गोड केला.

त्याच सुमारास काही संस्थांनी वेगळा विषय न काढता प्रकल्पांभोवतीच शिक्षण उभं केलं. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकने १९७० मध्ये, डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच. गटात काम करायचं तर बोलावं, भांडावं, अहवाल लिहावा लागतोच.

सगळ्यांना हलवलं ते मान्यतेच्या निकषांनी. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या ‘एबेट’ संस्थेने ‘इंजिनिअरिंग क्रायटेरिया २०००’ आणले. किती विषय शिकवले हे मोजण्याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येतं, हे विचारलं. विद्यार्थ्याला काय यायला हवं याच्या अकरा निष्पत्तींपैकी निम्म्याहून अधिक संवाद, बहुशाखीय गटकार्य, नीतिमत्ता, आजन्म शिक्षण अशा होत्या. १९८९ मध्ये सहा देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्यासाठी केलेल्या वॉशिंग्टन कराराच्या पदवीधर-गुणांमध्येही पुढे हेच आलं, आणि २०१४ मध्ये भारत त्याचा कायम सदस्य झाला. त्याबरोबर प्राध्यापकांच्या वाट्याला सीओ-पीओ मॅपिंगचे, म्हणजे प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तींशी जोडून दाखवण्याचे, तक्ते आले. गटात गप्प बसणारा विद्यार्थी बोलू लागला का, ते तक्त्यात दिसत नाही.

मोजायचं कसं, हा फोर्ट ब्लिसचाच प्रश्न. एबेटच्या जुन्या निकषात बहुशाखीय गटात काम करता येणं एवढंच म्हटलं होतं. २०१९-२० पासून लागू झालेल्या नव्या निकषांत अकराच्या सात निष्पत्ती झाल्या, पण गटकार्याचं वाक्य लांबलं: सदस्यांनी मिळून नेतृत्व करावं, सर्वांना सामावून घेणारं वातावरण निर्माण करावं, ध्येयं ठरवावीत, कामं आखावीत, उद्दिष्टं गाठावीत. टप्पे पाडायला सुरुवात झाली, सत्तेचाळीस वर्षांनी.