व्हॉल्व्ह एकच, पण स्ट्रोक चारच: पॅकार्ड आणि युमो

जुन्या विमानांच्या डिझेल इंजिनांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ठोकून देतं, "पॅकार्ड डीआर-980 टू-स्ट्रोक होतं, सिलेंडरला एकच व्हॉल्व्ह होता ना!" (स्ट्रोक म्हणजे सिलेंडरमध्ये पिस्टनची वर किंवा खाली एक धाव; टू-स्ट्रोकचं चक्र दोन धावांत पुरं होतं, फोर-स्ट्रोकचं चार धावांत. व्हॉल्व्ह म्हणजे हवा-धुराच्या वाटेवरची झडप.) आणि मग त्यात युंकर्स कंपनीचं युमो 205 इंजिन मिसळून अशी काही खिचडी करतात की विचारू नका.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो वगैरे तुम्हाला माहितीच आहे. दिसायलाही दोन्ही अजिबात सारखी नाहीत, पॅकार्ड म्हणजे हवेवर थंड होणारं नऊ सिलेंडरचं गोल रेडियल (सिलेंडर चाकाच्या आऱ्यांसारखे), अमेरिकेत 1928 ला उडालेलं. युमो जर्मन, उभं, पाण्यावर थंड होणारं. संपलं.

गोची होते ती व्हॉल्व्हमध्ये. नेहमीच्या फोर-स्ट्रोकला हवेसाठी एक आणि धुरासाठी एक असे वेगळे व्हॉल्व्ह असतात, म्हणून एकच दिसला की लोक टू-स्ट्रोक समजतात. पॅकार्डचं इंजिन शुद्ध फोर-स्ट्रोक आहे. धूर बाहेर ढकलायच्या स्ट्रोकला तो व्हॉल्व्ह उघडतो, तसाच उघडा राहतो आणि पुढच्या स्ट्रोकला त्याच तोंडातून ताजी हवा आत येते, मग बंद. एसटीला दार एकच असतं तसं, आधी उतरणारे, मग चढणारे. हे पेट्रोलला जमलं नसतं कारण तिथे आत येते ती पेट्रोल मिसळलेली हवा, ती गरम धुराच्या वाटेवर कोण सोडेल? डिझेलमध्ये आत येते नुसती हवा, इंधन नंतर पिचकारीने. वर गार हवेने व्हॉल्व्हही थंड राहतो. हे इंजिन बनवणारे इंजिनिअर वूल्सन आणि डॉर्नर यांचं डोकं मानलं पाहिजे!

पण याचाच फटकाही बसला. हवा घ्यायचं आणि धूर सोडायचं तोंड एकच, त्याला धूर लांब नेणारा बंद पाइप लावणार कसा? मग तो डिझेलचा वास थेट मागे केबिनमध्ये.

युमोत मात्र व्हॉल्व्ह मुळात नाहीच. सहा सिलेंडर, प्रत्येकात समोरासमोर दोन पिस्टन, वर-खाली दोन क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धावेने फिरणारे दांडे), आणि पिस्टनच सिलेंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात-झाकतात. हवा ब्लोअरने (हवा ढकलणाऱ्या पंख्याने) एका टोकाने आत, धूर दुसऱ्या टोकाने बाहेर. टू-स्ट्रोक हे आहे, बाबांनो.

अजून एक डोक्यात जाणारी गोष्ट, "पॅकार्ड जड होतं म्हणून चाललं नाही." साधारण 230 किलोला 225 हॉर्सपॉवर, त्या काळचं पेट्रोलवालं राइट जे-5 इंजिन पण जवळपास तेवढंच भरायचं. 1931 ला याच इंजिनावर बेलांका विमान फ्लोरिडात वाटेत इंधन न घेता 84 तासांच्या वर उडत राहिलं, तो विक्रम 1986 पर्यंत टिकला. वूल्सन 1930 ला विमान अपघातात गेला तेही बर्फाच्या वादळामुळे, इंजिनाने दगा दिला म्हणून नाही. लोक कंटाळले ते थरथरीला आणि त्या वासाला.